जिवाणू खताच्या पाकिटावर मोजणीची तारीखही छापा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

मृग जवळ आला की मोहोळ, सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या कृषी सेवा केंद्रांत जिवाणू खतांच्या बाटल्या आणि पाकिटांची थप्पी लागते. तूर, उडीद, सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम, उसाला अ‍ॅझोटोबॅक्टर (दोन्ही हवेतला नत्र धरणारे जिवाणू), सगळ्याच पिकांना स्फुरद विरघळवणारे म्हणजे पीएसबी, डाळिंबाच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. आणि पेरणी होऊन महिना-दीड महिना झाला की दरवर्षी तीच तक्रार कानावर येते: ‘टाकलं होतं, पण काही फरक पडला नाही.’ काही वेळा वापरण्यात चूक झालेली असते. रासायनिक बुरशीनाशकाच्या द्रावणातच जिवाणू मिसळले जातात किंवा बीजप्रक्रिया केलेले बियाणे उन्हात वाळवले जाते. पण काही वेळा बाटलीतच जीव उरलेला नसतो. या दुसऱ्या कारणाबद्दल, सोलापूर परिसरातल्या छोट्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांना बोलायचे आहे.

शेतकरी बाटलीचे पैसे देतो ते आतल्या पाण्याचे नव्हे, लेबलवरच्या एका आकड्याचे. जिवाणू खते २००६ साली खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली, तेव्हापासून हा आकडा कायद्याने ठरलेला आहे. रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम, पीएसबी यांच्या लिग्नाईटसारख्या (एक प्रकारचा कोळसा) भुकटीतल्या खतात एका ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूप खतात एका मिलिलिटरला किमान १० कोटी. ट्रायकोडर्मा जैविक बुरशीनाशक म्हणून विकायचा तर तो कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतो आणि तिथे एका ग्रॅमला किमान २० लाखांची अट आहे. लेबलवर याला सीएफयू म्हणतात, म्हणजे प्लेटवर, म्हणजे अन्नद्रव्याचा थर घातलेल्या बशीत, वाढून कॉलनी (डोळ्यांना दिसणारा ठिपका) करू शकणारी जिवंत एककेच फक्त मोजायची. मेलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब जिवंत पेशीसारखी दिसते, पण या मोजणीत येत नाही. बाटली गढूळ आहे, वास येतोय, म्हणजे माल चांगला, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

हा आकडा काढण्यात गूढ काही नाही. ०.८५ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याच्या ९ मिलिलिटरच्या सहा नळ्या घ्यायच्या. पहिलीत १ मिलिलिटर नमुना, नीट हलवून त्यातला १ मिलिलिटर दुसरीत, असे सहाव्या नळीपर्यंत. सहाव्या नळीत नमुना दहा लाख पट पातळ झालेला असतो. तिच्यातला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरायचा, तीन प्लेट लावायच्या, २८ ते ३० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायच्या. सरासरी ५२ कॉलनी आल्या, तर मिलिलिटरला ५२ कोटी. मोजायला घ्यायची प्लेट ३० ते ३०० कॉलनींची. त्याहून कमी असतील तर नशिबाचा भाग जास्त, त्याहून दाट असतील तर कॉलनी एकमेकींत मिसळतात आणि वहीत ‘टीएनटीसी’ (मोजता न येण्याइतक्या जास्त) लिहून पुढच्या नळीची प्लेट बघावी लागते. भुकटीचा नमुना असेल तर १० ग्रॅम भुकटी ९० मिलिलिटर पाण्यात घालून आधी शेकरवर चांगली हलवायची, कारण पेशी लिग्नाईटच्या कणांना चिकटून बसलेल्या असतात. हलवणे कमी पडले की चांगला मालसुद्धा नापास दिसतो.

उलट दिशेची चूक जास्त धोक्याची. सहाही नळ्यांना पिपेटची एकच टिप (टोकाला लावायची प्लास्टिकची नळी) वापरली तर दाट नळीतल्या पेशी टिपच्या आतल्या भिंतीला चिकटून पातळ नळीत उतरतात आणि आकडा फुगतो. टिपचे पैसे वाचवायला ही चूक जाणूनबुजून होते तेव्हा ती चूक राहत नाही. पिपेटचेही तसेच. १ मिलिलिटर पाणी वजनकाट्यावर घातले तर ते जवळपास १ ग्रॅम भरले पाहिजे. दहा वेळा घ्यावे, महिन्यातून एकदा, आणि पंख्याखाली नव्हे, कारण इथल्या कोरड्या हवेत काट्यावरचे पाणी बघता बघता उडते. ०.१ च्या जागी ०.१२ मिलिलिटर घेणारी पिपेट आकडा वीस टक्क्यांनी वाढवून दाखवते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पसरायची काचेची कांडी ज्योतीतून काढून गार न करता टेकवली की तिथल्या पेशी भाजतात. प्लेट ओली राहिली की बॅसिलससारख्या जिवाणूंची एकच कॉलनी साय पसरावी तशी अर्धी प्लेट व्यापते. म्हणून प्लेट आधी सुकवायच्या आणि इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत, उलट्या ठेवायच्या, म्हणजे झाकणावरचे बाष्प कॉलनींवर ठिबकत नाही.

इन्क्युबेटरवरून सोलापूरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. पुस्तकात लिहिलेले ३० अंश त्याच्या तबकडीवर लावता येतात, पण एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ आणि पत्र्याखालच्या खोलीत ३८ असेल तर आतही ३८ च असणार. रायझोबियमची वाढ तिथे मंदावते, ट्रायकोडर्माला ते सोसत नाही, आणि उष्णता आवडणारे परके जिवाणू मात्र फोफावतात. इथे गार करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर हा चैनीचा भाग नाही. आत एक वेगळा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवावा आणि दिवसातून दोनदा वाचावा. तबकडीवर विसंबू नये.

खरिपाचा माल तयार होतो तोही नेमक्या याच दिवसांत. जूनला दुकानात हवा म्हणजे एप्रिल-मे मध्ये फर्मेंटर (जिवाणू वाढवायच्या बंद टाक्या) चालले पाहिजेत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट उन्हात, लाइट सर्वांत जास्त जाते त्या दिवसांत. दोनशे लिटरचा फर्मेंटर चालू असताना कॉम्प्रेसर बंद पडला की दोन गोष्टी घडतात. आतल्या जिवाणूंचा प्राणवायू संपतो, आणि आतला दाब उतरल्याने एखाद्या सैल गॅस्केटमधून बाहेरची हवा, म्हणजे बाहेरचे जंतू, आत यायला वाट मिळते. अशा बॅचचे पीएच (सामू) आणि वाढीचा वेग नेहमीपेक्षा वेगळे दिसू लागतात, वास बदलतो. लगेच नमुना काढून ग्रॅम रंगण, म्हणजे रंग देऊन जिवाणूंचा गट ओळखण्याची चाचणी, करावे. बॅसिलसच्या जांभळ्या दांड्या अपेक्षित असताना गुलाबी बारीक दांड्या दिसल्या तर शंका खरी धरावी. तरीही सावध राहावे: जुन्या कल्चरमध्ये (वाढवून ठेवलेल्या जिवाणूंत) किंवा अल्कोहोलने जास्त धुतले तर जांभळे जिवाणूही गुलाबी दिसतात. ताजे कल्चर घेऊन, शेजारी माहितीतला जिवाणू ठेवून पुन्हा करावे. जनरेटर ऑफिसच्या एसीला जोडलेला आणि कॉम्प्रेसर मात्र मेनवर, अशी वायरिंग जिथे असेल तिथे ती आधी बदलावी.

ऑटोक्लेव्हचे, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचे, दुखणे निराळे. काटा १५ पौंडांवर गेला म्हणजे आत १२१ अंश झाले, हे फक्त आतली हवा पूर्ण निघून गेली असेल तरच खरे. अर्धी हवा आत राहिली तर काटा १५ वरच असतो, पण तापमान ११२ च्या आसपास अडकते आणि बीजाणू, म्हणजे जिवाणूंची उष्णता सोसणारी टणक अवस्था, जिवंत राहतात. झडपेतून वाफेचा सरळ, अखंड झोत येईपर्यंत ती बंद करू नये. पाच लिटरच्या फ्लास्कच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, दोन्हींना वीस मिनिटे सारखी नसतात. वाफेने काळी पडणारी चिकटपट्टी फक्त बाहेरून वाफ लागल्याचे सांगते. खात्री हवी तर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी लोडच्या मधोमध ठेवून नंतर ५५ ते ६० अंशांवर तिच्यातून काही वाढते का ते पाहावे. वाढले नाही, तरच निर्जंतुक. आणि बोअरचे पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये. इथल्या पाण्याचा क्षार हीटरवर खपलीसारखा चढतो, मग तो तापायला वेळ घेतो आणि एक दिवस जळतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात आरओच्या पाण्याची वेगळी टाकी राखून ठेवणे हे प्रयोगशाळेचेच काम होऊन बसते.

लिग्नाईट एकदा वाफवून भागत नाही. त्यात मुळातच बीजाणू असतात. पहिल्या वाफेत उगवणाऱ्या पेशी मरतात, बीजाणू राहतात, रात्रीत उगवतात. म्हणून तीन दिवस लागोपाठ तास-तासभर वाफवण्याची पद्धत आहे. त्याआधी चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालून आंबटपणा काढून पीएच सातच्या जवळ आणावा लागतो. जिवाणू मिसळल्यावर ओलावा ३० ते ४० टक्के राहायला हवा. कमी झाला की पेशी वाळून मरतात, जास्त झाला की गोळे होतात आणि आत हवा खेळत नाही. नियमाप्रमाणे एक लाख पट पातळ केलेल्या नमुन्यात परका जिवाणू दिसता कामा नये. इथे घाई झाली की पाकिटात ५ कोटी असतात खरे, पण कुणाचे ते सांगता येत नाही.

ट्रायकोडर्माबद्दल जरा जास्त लिहितो, कारण डाळिंबवाल्यांच्या या जिल्ह्यात त्याची मागणी मोठी आणि तो करणे वरवर सोपे वाटते. आपल्याकडे तो ज्वारीवरच वाढवतात. ज्वारी रात्रभर भिजवायची, निथळायची, अर्धवट शिजवायची. दाणा बोटांत दाबला तर दबला पाहिजे, फुटता कामा नये. फुटला की पिठूळ गोळा होतो, आत हवा जात नाही आणि जिवाणूंची आंबट घाण सुटते. पिशवीत २५०-३०० ग्रॅम, तोंडाला कापसाचा बोळा, ऑटोक्लेव्ह, गार झाल्यावर कल्चर. तिसऱ्या दिवशी पांढरी जाळी दिसते. तेव्हा पिशवी बाहेरूनच चोळून दाणे मोकळे करायचे. दहा-बारा दिवसांत सगळी पिशवी गर्द हिरवी होते.

आता हा हिरवा रंगच फसवतो. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशीही हिरवी, पिवळसर झाक असलेली, आणि तीही ज्वारीवर आनंदाने वाढते. ती अफलाटॉक्सिन हे विष तयार करू शकते. साध्या डोळ्यांनी, त्यातही ट्यूबच्या उजेडात, दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला फरक कळणार नाही. प्रत्येक लॉटमधून काही पिशव्या काढून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या थेंबात सेलोटेपने उचललेला नमुना पाहावा. ट्रायकोडर्माचा दांडा झाडासारखा फांद्या फुटलेला असतो, प्रत्येक फांदीच्या टोकाला सुरईच्या आकाराच्या पेशींचा झुबका आणि त्यावर बीजाणूंचा गोल पुंजका. अ‍ॅस्परजिलसचा दांडा सरळसोट, बिनफांदीचा, वर फुगीर बोंड आणि बोंडावर चहूबाजूंनी बीजाणूंच्या माळा. दहा मिनिटांचे काम आहे. ट्रायकोडर्माच्या काही जातींना खोबऱ्यासारखा वास येतो म्हणून पिशवी उघडून हुंगण्याची पद्धत अजून आहे. ती बंदच करावी, कारण आत काय आहे हे ठाऊक नसताना ते बीजाणू थेट छातीत ओढले जातात. दळताना आणि टाल्क मिसळताना तर नाकावर रुमाल पुरत नाही, चांगला मास्क आणि चष्मा लागतो. नारंगी रंगाची न्यूरोस्पोरा ही बुरशी एका पिशवीत दिसली तर ती पिशवी न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये घालावी. खोलीत उघडली तर तिचे बीजाणू दिवसाभरात सगळीकडे होतात आणि महिनाभर हटत नाहीत.

मदर कल्चरकडे, म्हणजे ज्यातून प्रत्येक बॅच वाढवतात त्या मूळ जिवाणूंकडे, दुर्लक्ष होते, कारण त्याचा परिणाम उशिरा दिसतो. पीएसबी तपासायच्या पिकोव्हस्काया प्लेटमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असते, त्यामुळे प्लेट दुधाळ दिसते. जिवाणूने आम्ल सोडून ते विरघळवले की कॉलनीभोवती चंद्राला खळे पडावे तसे स्वच्छ वलय उमटते. हेच कल्चर एका नळीतून दुसरीत असे वर्षानुवर्षे नेत राहिले तर कॉलनी जोमात वाढते आणि वलय मात्र आक्रसत जाते. संख्या पास, काम नापास. आपल्या चुनखडीच्या, सामू ८ च्या वर गेलेल्या काळ्या जमिनीत सोडलेले आम्ल तसेही लवकर मारले जाते, तिथे दुबळ्या जातीचा उपयोग काय होणार? मूळ जात पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहांतून घ्यावी, आल्या दिवशी १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये तिच्या वीस-पंचवीस कुप्या भरून गोठवाव्यात आणि दर हंगामाला नवी कुपी उघडावी.

हे सगळे नीट केले तरी खरा पेच पुढे आहे. मोजणीला जिवाणूंच्या बाबतीत दोन-तीन दिवस लागतात, रायझोबियमला आणि ट्रायकोडर्माला पाचपर्यंत. हंगामात डिलरचा फोन सकाळी येतो आणि गाडी संध्याकाळी उभी असते. छोट्या कंपनीत मीडिया करणारा, फर्मेंटर चालवणारा, प्लेट मोजणारा आणि रिपोर्टवर सही करणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि त्याचा पगार ठरवणारा विक्रीही बघतो. अशा वेळी मागच्या बॅचचा आकडा या बॅचच्या रिपोर्टवर उतरतो. प्लेट नंतर उगवतात, त्या कुणी बघत नाही. हे सगळीकडे होते असे आम्ही म्हणत नाही. पण होऊ शकेल अशी रचना आहे, आणि ती बदलणे फार खर्चाचे नाही.

ज्याने बॅच केली त्याने ती मोजू नये. तिघांच्या प्रयोगशाळेतही हे जमते: एकाने नमुन्यांवर फक्त क्रमांक घालावेत, दुसऱ्याने बॅच न कळता मोजावे. प्लेटवर कॉलनी मोजताना पेनाने खूण करावी आणि प्लेटचा फोटो तारखेसह ठेवावा. वहीत पेनानेच लिहावे, चुकले तर एका रेषेने खोडून शेजारी सही करावी, पांढरी शाई लावू नये. आणि आकडा येईपर्यंत माल कुलपात, किल्ली प्रयोगशाळेकडे.

त्यातही कारखान्यात आलेला आकडा म्हणजे शेतात पोहोचणारा आकडा नव्हे. कारखान्यात ५२ कोटी असलेली बाटली पत्र्याच्या गोदामात मे महिना काढून आली आणि आम्ही म्हणतो तसा ‘एक लॉग पडला’, म्हणजे दहापट घट झाली, तर ५ कोटी २० लाख उरतात आणि माल नियमाखाली जातो. बॅसिलस बीजाणू करून बरेच सोसतो, अ‍ॅझोटोबॅक्टरही काही प्रमाणात कवच करून तग धरतो. रायझोबियमला तशी सोय नाही. म्हणून प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या राखून ठेवून एक संच गार जागी आणि एक ४० अंशांवर ठेवावा, दर महिन्याला मोजावा आणि अंतिम तारीख त्यावरून ठरवावी, शेजारच्या कंपनीच्या लेबलवरून नव्हे. दुकानदारांनाही विनंती की या बाटल्या दर्शनी कपाटाच्या उन्हातल्या काचेमागे लावू नयेत.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी शिकून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीची) तत्त्वे त्यांना पाठ असतात, पण सहाव्या नळीतून ०.१ मिलिलिटर घेतल्यावर कितीने गुणायचे इथे अडखळतात. निदान एका सत्रात प्रत्येकाने बाजारातले एक जिवाणू खत विकत आणून स्वतः मोजावे आणि लेबलशी ताडून पाहावे. त्या एका प्रयोगात निर्जंतुकीकरण, पिपेट, गणित, ग्रॅम रंगण आणि वही हे सगळे येते, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हेच लागते.

आमची मागणी एकच आणि छोटी आहे. पाकिटावर उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि अंतिम तारीख असतेच. त्यांच्या शेजारी मोजणी पूर्ण झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष आलेला आकडा छापावा. नियमात ती अट येईल तेव्हा येवो, जिल्ह्यातल्या कंपन्या या खरिपापासून आपणहून सुरुवात करू शकतात. छपाईत एका ओळीची भर पडेल. शेतकऱ्यांनी बाटली हातात घेतल्यावर उत्पादनाची आणि मोजणीची या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. जिवाणू खतात त्यांच्यात निदान दोन-तीन दिवसांचे अंतर दिसले पाहिजे, ट्रायकोडर्मात चार-पाच दिवसांचे. दोन्ही तारखा एकच असतील, तर तो आकडा प्लेटवरून आलेला नाही.

आपले,
जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळांत काम करणारे काही मायक्रोबायोलॉजिस्ट,
सोलापूर